साडी-पार्टीच्या पलीकडचा मराठी रॅप

कोणीतरी म्हटलंय की मराठी रॅप म्हणजे साडी, पार्टी नि रील, संपलं. आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या पोरांचं पण तेच, डीजेवर वाजलं तरच गाणं. पण भावा, एमसी मवाली ऐकलायस का? मुंबईच्या स्वदेशी ग्रुपमधला, अस्सल मराठीत रॅप करतो. 'गली बॉय'मधल्या 'इंडिया ९१' या गाण्यात तो आहे, अमरावतीचा रॅपर 'सौ आरबीएच' पण तिथेच, पिक्चर बघून लोक हिरोचीच गाणी घेऊन घरी गेले ते सोड. २०१९ लाच स्वदेशीचं 'द वारली रिव्होल्ट' हे गाणं आलं, मुंबईतल्या आरेच्या जंगलावर, आणि त्यात आरेतलेच आदिवासी प्रकाश भोईर स्वतः गायलेत, म्हणजे ज्यांचं जंगल त्यांचाच आवाज, उसना कळवळा नाय. त्याच साली ऑक्टोबरात मेट्रो कारशेडसाठी तिथली झाडं रातोरात पाडली. मला ते गाणं खरं भिडलं २०२० मध्ये, आमच्या गोव्यातलं मोलेचं जंगल रेल्वे डबलिंग, हायवे नि वीजलाईनच्या कचाट्यात सापडलं आणि चांदरला लोक रात्री रुळावर उतरले तेव्हा. याच ग्रुपचा गुजरातीत रॅप करणारा एमसी तोडफोड २०२२ मध्ये गेला, अवघा २४ वर्षांचा. 'वारली रिव्होल्ट'मध्ये बेस जरा जास्तच आहे, मोबाईलच्या स्पीकरवर शब्द कळणार नाय, हेडफोन लावूनच ऐक.