फोंड्याच्या हॉलमध्ये लाइव्ह फंक: बेस घुमतोय, मदत हवी आहे

सात जणांचा फंक सेट आहे: ड्रम, बेस, गिटार, कीबोर्ड, ट्रम्पेट, सॅक्स, गायक. हॉल १२ बाय ८ मीटर, चिऱ्याच्या गिलावा केलेल्या भिंती, फरशी, वर पत्रा. पहिल्या ठोक्यावर, म्हणजे फंकच्या ‘वन’वर, किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि बेस एकत्र पडले की नुसता ढब्ब आवाज, स्नेअर ड्रमच्या घोस्ट नोट्स (मुख्य ठोक्यांमधले अगदी हलके ठोके) त्यात बुडतात. (रेकॉर्डिंग ऐकून फंक आवडलेल्यांना त्या घोस्ट नोट्सची गंमत समोर बसल्यावरच कळते, म्हणून हा आटापिटा.)

घोळ बेसच्या ई तारेवर (सगळ्यात जाड तार), ४१ हर्ट्झला. हिशेब जुळतो: लांबीचा तिसरा आणि रुंदीचा दुसरा मोड (समोरासमोरच्या भिंतींमध्ये आवाज ज्या वारंवारतेला घुमतो ती), दोन्ही ४३ हर्ट्झच्या आसपास. ए तार मोकळी वाजवली तर त्रास नाही.

करून झालं: अ‍ॅम्प कोपऱ्यातून काढून ४५ सेंमी उंच स्टँडवर, किकमध्ये उशी, बेसला ४० हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचा आवाज गाळणारा फिल्टर). ८० हर्ट्झ ६ डेसिबलने कापलं, तर घुमणं तसंच राहिलं आणि स्लॅपचा (अंगठ्याने तार ठोकून वाजवण्याचा) दम मात्र गेला, म्हणून परत घेतलं.

१५ इंची एकच सब (खालच्या सुरांचा स्पीकर) आहे, अजून कोपऱ्यात. हॉल भाड्याचा, भिंतीला खिळा चालत नाही. रात्री १० ला बंद. बाहेरच्या मोकळ्या जागेत वाजवा असं सुचवू नका, पाऊस आहे.

सब मागच्या आणि बाजूच्या भिंतीपासून २-२ मीटरवर ठेवला तर दोन्ही मोडचे नल (जिथे तो मोड जवळपास शून्य असतो त्या जागा) तिथेच येतात. असं कुणी केलंय का? किकचा ठोसा टिकतो, की ४३ हर्ट्झला अरुंद क्यूचा कट (फक्त त्याच्या आसपासचा छोटा पट्टा कमी करणं) देऊन सब कोपऱ्यातच ठेवणं बरं?