ओठांवरच्या चाली आणि विसरलेली नावे: श्रवणसभेची सुरुवात कोणापासून करावी?

जुनी तबकडी (सात रस्ता, सोलापूर)

नमस्कार. सात रस्त्याजवळ एका मित्राच्या घरी आम्ही दहा-बारा जण महिन्यातून एकदा जुनी चित्रपटगीते ऐकायला जमतो. कोणी यंत्रमागाच्या धंद्यातले, कोणी निवृत्त शिक्षक, दोघे बँकेतले. संगीताचे रीतसर शिक्षण घेतलेला असा एकच, आणि तोही तबल्याचे. दिवाळीच्या आधीची बैठक, ज्यांच्या चाली सर्वांना येतात पण नावे कोणालाच सांगता येत नाहीत, अशा संगीतकारांसाठी ठेवावी असे ठरले आहे.

हे सुचण्याचे कारण असे की, काही महिन्यांपूर्वी मी शहरातील एका वाद्यवृंदाच्या कार्यक्रमाला गेलो होतो. निवेदकाने 'ऐ मालिक तेरे बंदे हम' या गाण्याची चांगली पाच मिनिटे प्रस्तावना केली. त्यात शांतारामबापूंचे नाव आले, लताबाईंचे आले, गीतकार भरत व्यासांचेही आले, आणि संगीत मात्र शंकर-जयकिशन यांचे असल्याचे त्याने बिनदिक्कत सांगून टाकले. मध्यंतरात भेटून चूक दाखवली तेव्हा, "काका, लोकांना गाणे हवे असते, संगीतकार कोण, याने काय फरक पडतो?" असे उत्तर मिळाले. राग आला खरा, पण घरी परतताना रिक्षात बसल्या बसल्या, फरक नेमका काय पडतो, हे मलाही स्वतःला धड सांगता येईना.

आमच्या हाताशी दोन तास आहेत, म्हणजे फार तर पंधरा गाणी. मदनमोहन आणि खय्याम यांना मी आधीच वगळले आहे, कारण त्यांना उपेक्षित म्हणणाऱ्यांची संख्या आता इतकी वाढली आहे की ते उपेक्षित उरलेलेच नाहीत. सुरुवात कोणापासून करावी आणि का, हे जाणकारांनी सांगावे.

षड्ज

आपल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या तक्रारीतच आहे. सुरुवात त्या 'ऐ मालिक'चे खरे संगीतकार वसंत देसाई यांच्यापासून करावी, आणि सोलापुरात तर ती त्यांच्यापासूनच करावी. शांतारामबापूंच्या राजकमल या चित्रसंस्थेने १९४६ मध्ये 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' काढला आणि १९४७ मध्ये 'लोकशाहीर रामजोशी'. एकाचा नायक चीनमध्ये जखमींची सेवा करता करता गेलेला सोलापूरचा डॉक्टर आणि दुसऱ्याचा पेशवाईतील सोलापूरचा शाहीर. या दोन्ही चित्रपटांचे संगीत देसाईंचे आहे. या गावाच्या दोन सुपुत्रांना पडद्यावर सूर देणाऱ्या माणसाचे नाव याच गावातील कार्यक्रमात चुकीचे सांगितले जावे, याचे वाईट वाटते.

देसाई मूळचे कुडाळकडचे. कोवळ्या वयात ते कोल्हापूरला 'प्रभात' या चित्रसंस्थेत दाखल झाले, पडेल ते काम करत गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे, मास्टर कृष्णराव अशांच्या हाताखाली शिकले आणि पुढे शांतारामबापूंबरोबर राजकमलमध्ये आले. 'रामजोशी'तील 'सुंदरा मनामध्ये भरली' अवश्य लावा. या लावणीतील यमके इतकी दाटीवाटीने बसलेली आहेत की गाणाऱ्याने मध्येच एखादी हरकत, म्हणजे सुरांची छोटीशी नक्षी, घ्यायची ठरवली तर शब्दांची गाडी रुळावरून घसरेल. जयराम शिलेदार हे नाट्यसंगीताच्या तालमीत तयार झालेले गायक. तानेचा मोह त्यांना सहज होऊ शकला असता. तरीही येथे ते शब्द टाकत, ठेका सांभाळत गातात, आणि हा संयम संगीत दिग्दर्शकाने राखून घेतलेला असतो असे माझे मत आहे.

त्यानंतर थेट १९७१ च्या 'गुड्डी'वर या. या एका चित्रपटात, वाणी जयराम यांच्या एकाच गळ्यासाठी, देसाईंनी दोन टोकांच्या चाली बांधल्या. 'बोले रे पपीहरा' हे मियाँ मल्हार रागातले गाणे आहे. ते पेलायला तयारीचा गळाच लागतो. 'हमको मन की शक्ती देना' ही प्रार्थना मात्र इतक्या थोड्या सुरांत फिरते की रांगेत सर्वांत मागे उभा राहिलेला, गळ्याने बेसूर असलेला मुलगाही ती निभावून नेतो. (तो मुलगा मीच होतो.) अवघड चाल बांधणारे पुष्कळ असतात. हजार मुलांनी एकत्र गायले तरी विस्कटणार नाही अशी सोपी चाल बांधायला निराळी अक्कल लागते. 'झनक झनक पायल बाजे'चे शीर्षकगीत उस्ताद अमीर खाँ यांच्याकडून अडाणा रागात गाऊन घेणारा आणि १९६६ मध्ये एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी संयुक्त राष्ट्रसंघात गायलेल्या 'मैत्रीं भजत' या प्रार्थनेची चाल करणारा माणूसही हाच. एकदा चाल प्रार्थना झाली की तिचा धनी विस्मरणात जातो. शाळेत परिपाठाला कोणी संगीतकाराचे नाव घेत नाही.

गड्ड्यावरचा

षड्ज साहेबांचे म्हणणे मान्य, पण देसाईंना उपेक्षित म्हणणे मला पटत नाही. शांतारामबापूंचे नाव निघाले की मागोमाग त्यांचे नाव निघतेच. निवेदकाचे अज्ञान हा उपेक्षेचा पुरावा होत नाही. माझे मत वसंत पवारांना.

'बुगडी माझी सांडली गं' ऐकले नाही असा मराठी माणूस मिळणे कठीण. 'सांगत्ये ऐका' १९५९ चा. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात तो १३१ आठवडे चालला. गाणे आशाबाईंचे, शब्द गदिमांचे, नाच जयश्री गडकरांचा, हे सगळे लोक सांगतात आणि तिथेच थांबतात. वास्तविक त्या गाण्याची जादू ढोलकीच्या जागांत आहे. 'सांडली गं' म्हटल्यावर क्षणभर जी फट सोडली आहे, तिच्यात ढोलकी जे बोलते ते काढून टाका आणि ओळ पुन्हा म्हणून पाहा. अगदीच सपाट वाटेल. पवार स्वतः सतारीया होते, म्हणून तमाशाच्या बाजाची गाणी करतानाही त्यांच्या सुरावटीला एक घरंदाज वळण असते. 'वैजयंता' आणि 'सवाल माझा ऐका' या चित्रपटांतूनही ते दिसते. १९६५ मध्ये ऐन उमेदीत ते गेले, आणि त्यांच्यामागे त्यांचे नाव लावून धरणारी कुठलीही मोठी चित्रसंस्था नव्हती.

आता सोलापूरचा धागा. दिवाळीच्या आधी बैठक घेत आहात, तर 'भाऊबीज' या १९५५ च्या चित्रपटातले 'सोनियाच्या ताटी उजळल्या ज्योती' वगळून चालणारच नाही. गीत आपल्या कवी संजीवांचे, संगीत वसंत पवारांचे, आवाज आशा भोसले यांचा. आमच्या घरी आई ओवाळताना हे गाणे अजून म्हणते आणि 'वेड्या बहिणीची वेडी ही माया' या ओळीला तबक एका जागी थांबवून धरते, कारण तिथे चालच थांबायला लावते. तिला मी परवा विचारले, हे कोणाचे? ती म्हणाली, "जुनं आहे, बायकांचं आहे." म्हणजे तिच्या लेखी ते चित्रपटगीत नाहीच, जात्यावरच्या ओवीसारखे ते पूर्वापार चालत आलेले आहे. आणि हे ज्यांनी लिहिले ते याच गावात राहत होते! त्याच चित्रपटातले, त्याच दोघांचे 'अत्तराचा फाया' लगेच जोडून लावा, म्हणजे ओवाळणीची ही चाल आणि तो नखरा एकाच हातचे आहेत यावर आपल्या मंडळींचा विश्वास बसणार नाही.

रात्रपाळी

सज्जाद हुसेन राहिले. चित्रपट दोन डझनही नाहीत, पण 'संगदिल'मधले 'ये हवा ये रात ये चाँदनी' लावल्याशिवाय कोणतीही बैठक पूर्ण होऊ शकत नाही. एवढेच सांगायचे होते.

पूर्वभागकर

वरील सर्व चर्चा मराठी आणि हिंदीपुरती चालली आहे. सोलापूरच्या अर्ध्या पूर्व भागात घरात तेलुगू आणि उंबऱ्याबाहेर मराठी बोलली जाते, याची आठवण करून देण्यासाठी हे लिहीत आहे.

माझे वडील मागावर बसत आणि आई शेजारी कांड्या भरत असे. धोट्याच्या खटखटीत वडील एक गाणे नेहमी म्हणत: 'हायी हायिगा आमनि सागे'. १९५७ च्या तेलुगू 'सुवर्णसुंदरी'मधले हे गाणे घंटसाला आणि जिक्की यांनी गायले आहे. शाळेत गेल्यावर मित्रांकडे रेडिओवर लताबाई आणि रफीसाहेबांचे 'कुहू कुहू बोले कोयलिया' ऐकले आणि मी ओरडलोच, "हे आमचे गाणे आहे!" मित्रांना ते खोटे वाटले. चाल एकच, संगीतकारही एकच: आदिनारायण राव. चित्रपटाची नायिका अंजलीदेवी या त्यांच्या पत्नी.

सोहनी, बहार, जौनपुरी आणि यमन असे चार राग या एका गाण्यात एकामागून एक येतात. रागमालिका बांधणे ही विद्वत्तेची गोष्ट आहे, पण त्यात सांधे दिसण्याचा धोका असतो. एका रागाचे कापड संपून दुसऱ्याचे सुरू झाले हे कानाला टोचते. येथे तो सांधा सरगमेच्या आत असा काही विणला आहे की ऐकणारा पलीकडच्या रागात पोहोचल्यावर त्याला कळते. विणकराच्या घरातला असल्यामुळे मला ही उपमा सुचली, तेवढी चालवून घ्यावी. हिंदी रसिकांपैकी अनेकांना हे गाणे तोंडपाठ असते, पण संगीतकार विचारल्यास ते नौशाद किंवा एस. एन. त्रिपाठी यांचे नाव घेतात. दोन्ही भाषांतील गाणी लागोपाठ लावावीत अशी विनंती आहे.

सुई आणि रेघ

मूळ प्रश्न, म्हणजे फरक काय पडतो, हा अनुत्तरित राहिला आहे, म्हणून त्याविषयी लिहितो.

नाव न छापण्याची खोड जुनीच आहे. १९४९ च्या 'महल'मधील 'आयेगा आनेवाला'च्या पहिल्या तबकड्यांवर गायिका म्हणून लताबाईंचे नावसुद्धा नव्हते. तिथे 'कामिनी' हे पडद्यावरील पात्राचे नाव छापले होते. गायकांनी पुढे झगडून आपले नाव मिळवले. त्याच गाण्याचे संगीतकार खेमचंद प्रकाश मात्र चित्रपट लागल्यानंतर वर्षाच्या आतच, ऑगस्ट १९५० मध्ये वारले. आपल्या गाण्याचे पुढे काय झाले हे त्यांना पाहायला मिळालेच नाही. 'पाकीज़ा'चे संगीतकार गुलाम मोहम्मद यांची गोष्ट त्याहून करुण आहे. ते १९६८ मध्ये गेले आणि 'पाकीज़ा' १९७२ मध्ये आला. त्या वर्षीचे फिल्मफेअर 'बेईमान'च्या संगीताला मिळाले, तेव्हा त्याच 'बेईमान'साठी सहायक अभिनेत्याचे पारितोषिक मिळालेल्या प्राण यांनी, हा मान 'पाकीज़ा'चा होता असे म्हणून आपले पारितोषिक नाकारले. संगीतकारासाठी नटाने एवढे करावे, हे मला आजही विलक्षण वाटते.

तर फरक कसा पडतो ते सांगतो. 'मेरा साया'चे शीर्षकगीत सर्वांना ठाऊक आहे. तो चित्रपट राजा परांजपे यांच्या १९६४ च्या 'पाठलाग'वर बेतलेला होता. 'पाठलाग'मध्ये त्याच जागी आशाबाईंचे 'या डोळ्यांची दोन पाखरे' आहे. शब्द गदिमांचे, संगीत दत्ता डावजेकरांचे. मदनमोहन यांचे गाणे सौंदर्याने ओथंबलेले आहे, यात वाद नाही. परंतु डावजेकरांच्या चालीत आर्जवाबरोबर एक किंचित भीतीही आहे. 'फिरतील तुमच्या भवती' हे आश्वासन आहे की पाळत, असा संशय यावा अशी. रहस्यपटाला ती भीतीच हवी होती. मला हे गाणे माहीत होते, डावजेकर माहीत नव्हते. नाव कळल्यावर शोधत गेलो तेव्हा, लताबाईंचे हिंदीतील पहिले पार्श्वगीत, 'आप की सेवा में'मधले, त्यांच्याच संगीतात असल्याचे समजले, आणि तिथून पुढे त्यांची मराठी गाणी एकेक करून सापडत गेली. नाव ठाऊक नसते तर माझ्याकडे एकच सुटे गाणे राहिले असते.

जुनी तबकडी

सर्वांचे मनापासून आभार. 'सुई आणि रेघ' यांचे शेवटचे वाक्य त्या निवेदकाला सांगायला हवे होते, पण आता तो पुन्हा भेटेल तेव्हाच.

क्रम असा योजला आहे. 'सोनियाच्या ताटी' सर्वांत आधी, कोणाचेही नाव न सांगता. उपस्थितांनी संगीतकाराचे नाव चिठ्ठीवर लिहायचे आणि चिठ्ठ्या शेवटी उघडायच्या. त्यानंतर 'अत्तराचा फाया' आणि 'बुगडी'. मग देसाईंचा अर्धा तास, त्यात 'रामजोशी' आणि 'गुड्डी'ची दोन्ही गाणी. पूर्वभागकर, तेलुगू गाणे आधी आणि हिंदी नंतर लावणार आहे. शक्य झाल्यास आपण स्वतः यावे आणि चार रागांमधले ते तीन सांधे आम्हांला बोट ठेवून दाखवावेत. 'पाठलाग' आणि 'मेरा साया' मात्र उलट क्रमाने, आधी हिंदी. सज्जाद यांना रात्रपाळी यांच्या आग्रहाखातर शेवटची जागा दिली आहे, कारण त्यांच्यानंतर काही लावले तर ते फिके पडेल असे आमच्या तबलजींचे मत आहे. जयदेव, एन. दत्ता आणि स्नेहल भाटकर यांना या खेपेस जागा उरत नाही. त्यांच्यासाठी गड्ड्याची यात्रा आटोपल्यावर निराळी बैठक घेऊ.

एकच अडचण आहे. 'भाऊबीज'ची माझ्याकडची तबकडी चिरलेली आहे आणि सुई नेमकी 'वेड्या बहिणीची'पाशी अडकून तेच तेच म्हणत राहते. सोलापुरात कोणाकडे धड प्रत असल्यास एका संध्याकाळपुरती द्यावी. मी स्वतः येऊन घेऊन जाईन आणि दुसऱ्या दिवशी परत आणून देईन.