जपानहून आयात केलेली स्कायलाइन जीटी-आर दान करायची आहे: अमेरिकेच्या आयकरात वजावट किती आणि कागद कोणते?

पार्सिपनीकर
१९९२ ची निस्सान स्कायलाइन जीटी-आर (आर३२) आहे. २०१८ मध्ये जपानमधून आणली, सगळं धरून २२,००० डॉलर पडले. आता अशा गाड्या ४५,००० च्या आसपास जातात. टायटल (मालकीचा सरकारी कागद) न्यू जर्सीचं, माझ्याच नावावर, कर्ज नाही.
'गाडी दान करा, आम्ही उचलून नेऊ' म्हणणाऱ्या संस्थांचे ऑनलाइन फॉर्म १७ अंकी व्हिन (गाडीचा ओळख क्रमांक) मागतात आणि माझा जपानी चॅसिस क्रमांक घेतच नाहीत. शिवाय ४५,००० ची वजावट मिळेल की नाही, यावर दोन ठिकाणी दोन उत्तरं मिळाली. गाडी किंवा पैसे थेट महाराष्ट्रातल्या एखाद्या संस्थेला देता येतील का?

हिशेबनीस
४५,००० विसरा, निदान त्या मार्गाने तरी. उचलून नेणाऱ्या संस्था गाडी लिलावात विकतात. संस्थेने गाडी न वापरता, मोठी दुरुस्ती न करता विकली तर वजावट लिलावात आलेल्या रकमेपुरती, मग बाजारभाव काहीही असो. रंगकाम, पोचे काढणं, साफसफाई हे 'मोठी दुरुस्ती' धरत नाहीत.

दुसरी मर्यादा जुन्या, भाव चढलेल्या गाड्यांनाच लागते आणि बहुतेकांच्या नजरेतून सुटते. वस्तूचा उपयोग संस्थेच्या मूळ कामाशी संबंधित नसेल, तर वजावटीतून खरेदीनंतर वाढलेला भाव वजा होतो. विकून पैसे करणं हा संबंधित उपयोग नव्हे. म्हणजे लिलावात ३४,००० आले तरी तुमची वजावट २२,००० वरच अडकते.

कागद असे: विक्रीनंतर ३० दिवसांत संस्थेकडून फॉर्म १०९८-सी (गाडीच्या दानाची पावती). त्याची प्रत रिटर्नला जोडायची. ई-फाइल करताना पीडीएफ जोडता आली नाही तर फॉर्म ८४५३ (कागदी जोडपत्रांचं आवरणपत्र) सोबत टपालाने. ५०० डॉलरच्या वरच्या वजावटीला ही प्रत नसेल तर वजावट नाही. सोबत फॉर्म ८२८३ (वस्तूरूप दानाची माहिती). वजावट विक्रीच्या रकमेवर बेतलेली असेल तर ५,००० च्या वर गेली तरी सेक्शन ए पुरतो, मूल्यांकन लागत नाही.

आणि हे सगळं आयटमाइझ करणाऱ्यांसाठीच आहे, म्हणजे ठरावीक सरसकट वजावट न घेता एकेक वजावट मांडणाऱ्यांसाठी. २०२६ पासून एजीआयच्या (रिटर्नवरच्या समायोजित एकूण उत्पन्नाच्या) ०.५ टक्क्यापर्यंतचं दान धरत नाहीत, म्हणजे एजीआय २,००,००० असेल तर पहिले १,००० डॉलर गेले.

भारतातल्या संस्थेला थेट दिलं तर अमेरिकेत वजावट नाही. अमेरिकेत नोंदलेली ५०१(सी)(३) (करमुक्त धर्मादाय) संस्था हवी, आणि पैसे कुठे खर्चायचे हा निर्णय खरोखर तिच्या हातात असायला हवा, नुसती पोस्टमनगिरी चालत नाही. नाव आधी आयआरएसच्या (अमेरिकी कर खात्याच्या) संकेतस्थळावर शोधून घ्या. गाडी भारतात पाठवायचा विचार सोडा. वापरलेली गाडी आयात करायला तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी अशी अट आहे.

आरबी२६
व्हिनचं: ऑनलाइन फॉर्मच्या नादी लागू नका, फोन करा. जपानी अंतर्गत बाजारातल्या गाड्यांना १७ अंकी व्हिन नसतोच. बीएनआर३२ आणि पुढचे आकडे हाच क्रमांक. पुढे शून्यं भरून १७ करायला कोणी सांगितलं तर करू नका. टायटलवर जसा छापलाय, डॅशसकट किंवा डॅशशिवाय, तसाच १०९८-सी वर यायला हवा. नाहीतर टायटल एका गाडीचं आणि पावती दुसऱ्याच गाडीची असं दिसतं.

ओडोमीटर किलोमीटरमध्ये आहे. १०९८-सी वर मैल विचारतात आणि समोरचा काट्यावरचा आकडा तसाच उतरवून घेतो. ८६,००० किमी म्हणजे सुमारे ५३,४०० मैल. हिशेब तुम्हीच लिहून द्या.

गाडीसोबत द्यायचे कागद: जपानची निर्यात नोंदणी-रद्द प्रत आणि तिचं भाषांतर, कस्टम्सचा आयात फॉर्म ७५०१, वाहन सुरक्षेचा एचएस-७, ईपीएचा (पर्यावरण खात्याचा) ३५२०-१. जपानमधल्या लिलावाचा तपासणी शीट असेल तर उत्तम. आयातीची २५ वर्षांची अट (एवढ्या जुन्या गाडीला अमेरिकी सुरक्षा मानकांतून सूट असते) उत्पादनाच्या तारखेपासून मोजतात, जपानमधल्या पहिल्या नोंदणीपासून नव्हे. तुमच्या गाडीला प्रश्न नाही, पण ऐन पंचविशीला आणलेल्या गाड्यांबाबत हे विचारतात. राज्याचं टायटल आहे म्हणजे आयात कायदेशीर होती असं सिद्ध होत नाही, म्हणून ७५०१ महत्त्वाचा.

टो ट्रक फ्लॅटबेडच मागा. गाडी चारचाकी ड्राइव्हची आहे. दोन चाकं उचलून दोन फरफटत नेली तर ट्रान्स्फर केसची (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या भागाची) वाट लागते, आणि दान केंद्रांचे कंत्राटी टोवाले सवयीने व्हील-लिफ्टच घेऊन येतात. पुढचा बंपर खाली आहे, चढवताना फळ्या लागतील.

पार्सिपनीकर
मग पूर्ण बाजारभाव मिळवायचा रस्ता आहे का?

हिशेबनीस
दोन आहेत. एक, गाडी खरोखर ठेवून वापरणारी संस्था: मोटारींचं संग्रहालय (नॅशव्हिलचं लेन, लॉस एंजेलिसचं पीटरसन यांसारखं) किंवा ऑटोमोटिव्ह अभ्यासक्रम असलेलं कम्युनिटी कॉलेज. गाडी वर्षाहून जास्त तुमच्याकडे आहे, म्हणून ४५,००० धरता येतील, वर्षाला एजीआयच्या ३० टक्क्यांपर्यंत, उरलेलं पुढच्या पाच वर्षांत. त्यासाठी ८२८३ चा सेक्शन बी आणि पात्र मूल्यांकनकाराचा अहवाल, दानाच्या आधी ६० दिवसांच्या आत केलेला किंवा नंतर, पण रिटर्नच्या मुदतीआधी हातात आलेला. फी टक्केवारीवर ठरलेली चालत नाही. अशाच गाड्यांच्या अलीकडच्या विक्री त्यात हव्यात, मागितलेल्या किमती नकोत. १०९८-सी मात्र इथे दानानंतर ३० दिवसांत मिळते, संस्थेच्या वापराच्या प्रमाणपत्रासह.

संस्थेशी लेखी बोला. अनेक संग्रहालयं 'संग्रहात ठेवू किंवा विकू' असं कलम घालतात. तसं असेल तर पूर्ण भावाचा दावा लंगडा. तीन वर्षांच्या आत त्यांनी विकली तर ते आयआरएसला फॉर्म ८२८२ पाठवतात आणि जास्तीची वजावट तुमच्या उत्पन्नात परत येऊ शकते. संग्रहालयाची समिती महिनोन्‌महिने घेते, डिसेंबरात धावू नका.

दुसरा रस्ता साधा: स्वतः विका, रोख दान करा. २३,००० नफ्यावर कर लागेल, संग्राह्य वस्तू धरली तर २८ टक्क्यांपर्यंत, म्हणजे त्या दराने ६,४४० डॉलर. पण वजावट पूर्ण ४५,००० ची, मर्यादा एजीआयच्या ६० टक्क्यांची, आणि संस्थेच्या हाती लिलावापेक्षा जास्त पैसे पडतात. मला तुमच्या बाबतीत हाच बरा वाटतो. आकडे सीपीएकडून (अमेरिकेतल्या परवानाधारक लेखापालाकडून) तपासून घ्या.

आरबी२६
कुठलाही रस्ता घ्या, टायटलच्या मागे खरेदीदाराची जागा कोरी ठेवून सही करू नका. संस्थेचं किंवा ग्राहकाचं नाव तिथेच भरा, नाहीतर गाडी पुढे कुठे जाते त्याचा ताप तुमच्या नावाने. न्यू जर्सीत नंबर पाट्या काढून एमव्हीसीकडे (राज्याच्या वाहन नोंदणी कार्यालयाकडे) जमा करायच्या, आणि विमा त्या जमा केल्याची पावती मिळाल्यावरच बंद करायचा.