मदत हवी आहे: .३०८ काडतुसांच्या पितळी केसेस (कवचं) अ‍ॅनिल, म्हणजे तापवून मऊ, कराव्यात का?

नमस्कार मंडळी. इथे टेक्सासमध्ये घरी काडतुसं रिलोड करणारं, म्हणजे उडवलेल्या केसेस पुन्हा भरणारं, आपलं कुणी आहे का? मी .३०८ विंचेस्टर हे रायफलचं काडतूस भरतो, सुट्टीच्या दिवशी रेंजवर जाण्यापुरतंच. स्पर्धाबिर्धा नाही.

जुन्या केसेसपैकी काहींच्या मानेवर (बुलेट धरणाऱ्या तोंडाकडच्या भागावर) बारीक उभी चीर दिसतेय, नखाला जेमतेम लागेल अशी. त्या सरळ भंगारात गेल्या. प्रश्न उरलेल्यांचा आहे. दर फायरिंगला पितळ फुगतं, डायमध्ये (मापाच्या साच्यात) पुन्हा आवळलं जातं आणि कडक होत जातं, म्हणून मान आणि तिच्याखालचा उतरता खांदा तापवून मऊ करायचा, इथवर कळतं. बूड अजिबात तापू द्यायचं नाही हेही पक्कं ठाऊक आहे, मऊ बुडाची केस दाबाखाली दगा देते.

आता केस फिरवायला ड्रिलला सॉकेट, प्रोपेनचा टॉर्च आणि ७५० फॅरनहाइटचं टेम्पिलॅक (त्या तापमानाला वितळणारा खुणेचा रंग), एवढ्या जुगाडावर सगळ्या केसेस सारख्या मऊ होतात का? एक कमी, एक जास्त तापली तर बुलेटवरची पकडच कमीजास्त होणार. मग न केलेलंच बरं, नाही का? विजेवर केसेस तापवणाऱ्या इंडक्शन मशीनच्या किमतीत तर लापुआ कंपनीच्या नव्या केसेसचे बरेच डबे येतील.

केसेस जास्त टिकतात हे पटतं. पण १०० यार्डांवर ग्रुप (निशाण्यावरच्या गोळ्यांचा पसारा) लहान होतो का? मला तरी शंका आहे. तुम्ही किती फायरिंगनंतर करता, तेही सांगा. (तापवून पाण्यात टाकावं की नाही हा वाद नको, पितळ काही पोलादासारखं त्याने कडक होत नाही.)