मदत हवी आहे: घरातले मोडी कागद पुराभिलेखागारात द्यायचेत

नमस्कार मंडळी, राजापूरकडच्या गावच्या घरातून लाल फडक्यात बांधलेला एक गठ्ठा दादरला आणलाय. बहुतेक कागद मोडीत, खोतीचे (गावचा सारा गोळा करायच्या वतनाचे) हिशेब दिसतायत, शिवाय काही गहाणखतं स्टँप पेपरवर आहेत. कडा कसरीने खाल्ल्यात आणि घड्यांवर कागद फाटत चाललाय, म्हणून उलगडायचं थांबवलंय. जेवढं उघडलं तेवढ्याचे मोबाईलवर फोटो काढलेत. एका ओळखीच्यांनी लॅमिनेशन करून टाका म्हटलं, ते काही मी करणार नाही!

मोडी वाचणारे एकजण भेटलेत, त्यांनी काही पानं वाचून दिली, त्यामुळे वाचनाची अडचण नाही. जमिनीचा वादही नाही, खोती १९४९ च्या कायद्याने गेली, सातबारा वगैरे सगळं क्लिअर आहे, तेव्हा तलाठ्याकडे जा असं कृपया सांगू नका. काकांची एकच अट, मूळ कागद द्यायला हरकत नाही पण घरच्यांना कधीही बघता आले पाहिजेत आणि स्कॅन कॉपी मिळाली पाहिजे.

काळाघोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेखागार मला माहितीय, पण तिथे मुख्यतः सरकारी दप्तर ना? कुणी स्वतःच्या घराण्याचे कागद तिथे किंवा पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळात दिलेत का? अर्ज कुणाच्या नावाने केलात, स्कॅन कॉपी आणि बघायला मिळण्याची अट लेखी मान्य झाली का, आणि कागद आहेत तसेच घेतात की आधी यादी करून न्यावी लागते?