डिजिमॉनचा दुसरा सीझन खरंच एवढा वाईट आहे का?

सिडकोवाला
डिजिमॉन या जपानी कार्टून मालिकेच्या पहिल्या सीझनचे ५४ एपिसोड परत बघून संपवले आणि लगेच २००० सालचा दुसरा म्हणजे झीरो टू लावला, मला तर जाम आवडतोय पण कॉलेज रोडचे मित्र म्हणतात पुढे वाट लागलीय, बघू नको. खरंय का? स्पॉयलर चालतील.

पंचवटी_८८
बिनधास्त बघ भाऊ, केनसाठी बघ. पोरगं व्हिलन होऊन कैसर म्हणजे सम्राट बनून चाबूक घेऊन फिरतं, आणि त्याचा तो हिरवा अळीसारखा साथीदार डिजिमॉन (डिजिटल जगातला प्राणी) वर्ममॉन एवढा मार खातो तरी केन-चान केन-चान करत त्याच्याच मागे. २१ व्या एपिसोडला तो केनच्या हातातच जीव सोडतो ना, तिथं मी परवा परत रडलो, आई विचारत होती काय झालं. असा व्हिलन पहिल्या सीझनला पण नव्हता.

गंगापूररोडची
केनबद्दल शंभर टक्के सहमत. पण ताइची, यामातो या पहिल्या सीझनच्या हिरोंना नुसतं बाजूला बसवलं ते मला अजून खुपतं. ब्लॅक वॉरग्रेमॉन या डिजिमॉनचं तर जास्तच, डिजिमॉनना काबूत ठेवणाऱ्या १०० काळ्या मनोऱ्यांपासून बनलेला, मला मन का आहे म्हणून विचारत फिरणारा, त्याला अजून वेळ द्यायला पाहिजे होता. आणि शेवटी २५ वर्षांनंतरचं दाखवतात त्यात यामातो डायरेक्ट अंतराळवीर? बँडमधली गिटार कुठे गेली त्याची?

सिडकोवाला
२१ वा आज रात्रीच बघतो. रविवारी मिसळ खायला भेटू, तिथं बोलू.