मदत हवी आहे: विंडोज १० च्या जुन्या पीसीवर लिनक्स टाकू का?

मंडळी, घरी i5-7400, १६ जीबी रॅम आणि जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड असलेला पीसी आहे. मशीन ठणठणीत आहे, पण सातव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठीच्या वाढीव सिक्युरिटी अपडेट्सची मुदतही ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. चालत्या मशीनला भंगारात काढायचं माझ्या जिवावर येतं. (दुकानदार अर्थातच नवीन घ्या म्हणतो.)

म्हणून लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमचा विचार चाललाय. गेम्सच्या स्टीम स्टोअरवरचे बरेच विंडोज गेम्स प्रोटॉनमुळे (विंडोजचे गेम्स लिनक्सवर चालवणारं स्टीमचं सॉफ्टवेअर) चालतात आणि काउंटर-स्ट्राइक २ तर थेट लिनक्सवर आहे. घोडं अडतंय ते धाकट्या भावाच्या व्हॅलोरंट या गेमपाशी. त्याचं फसवेगिरी रोखणारं व्हॅनगार्ड अँटी-चीट सॉफ्टवेअर लिनक्सवर चालतच नाही. एका गेमसाठी थेट कर्नलमध्ये (सिस्टीमच्या गाभ्यात) घुसणारं सॉफ्टवेअर मला तरी पटत नाही, पण भावाला कोण समजावणार! शिवाय बाबांना टॅली लागतं, तेही विंडोजवरच.

ड्युअल बूट केलं (एकाच पीसीवर दोन्ही सिस्टीम ठेवल्या) तर व्हॅलोरंट आणि टॅलीसाठी विंडोज १० ठेवता येईल, पण मुदत संपल्यावर ते नेटला जोडणं कितपत सुरक्षित? रुफसने (इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह बनवणारं टूल) टीपीएम या सिक्युरिटी चिपची अट वगळून विंडोज ११ टाकलेलं कुणी वापरतंय का? तसं केल्यास मोठे अपडेट्स येतात का, आणि व्हॅलोरंट कुरकुर करतं का? १०५० टीआयचे ड्रायव्हर मिंटवर त्रास देतात का, तेही सांगा. मराठी टायपिंग इनस्क्रिप्टने करतो, त्यामुळे ती काळजी नाही.

बजेट फार तर एका एसएसडीपुरतं आहे, तेव्हा 'नवीन पीसी घे' सोडून काहीही सुचवा.